सहावा राजीनामा

निवडणूक तिसऱ्यांदा पुढं ढकलली गेली तेव्हा मुनीफ मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत होते आणि त्यांची अर्धीच दाढी झाली होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बैरूतची संसद दिसत होती. खासदारांनी हात वर केले, खाली घेतले, आणि तेवढ्यात देशातल्या सगळ्या पालिकांची मुदत आणखी एका वर्षानं वाढली. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला आणि आरशातूनच विचारलं, "अभिनंदन करू, रईस, की सांत्वन?"

"आधी उरलेली दाढी कर," मास्तर म्हणाले.

गावात त्यांना रईस म्हणत. रईस म्हणजे पालिकेचा अध्यक्ष. श्रीमंतीशी त्या शब्दाचा संबंध नाही, आणि ऐन मरजूहाच्या पालिकेत तर मुळीच नव्हता. दोनशे चाळीस घरांचं गाव, चहूबाजूंनी जैतुनाच्या बागा, वरच्या अंगाला पालिकेच्या मालकीचं पाइनचं रान, त्यात गावचा झरा. मास्तरांनी शेजारच्या गावी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या आग्रहाखातर निवडणुकीला उभे राहिले. दोन हजार सोळा साली बारा जण निवडून आले, सहा वर्षांसाठी. पुढं सहाची सात वर्षं झाली, सातची आठ, आणि आता नऊ होणार होती. मधल्या काळात देशाचा लिरा असा कोसळला, की पूर्वी ज्या पगारात अबू नखले कचऱ्याचा ट्रक चालवून तीन मुली शिकवत होता, त्यात आता त्याच्या घरची जेमतेम दोन आठवड्यांची भाजी येई.

त्या मे महिन्यात मास्तर मोकळे होणार होते. मुलगी जुमाना सिडनीला असते. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि सप्टेंबरमध्ये बाळ येणार होतं. दोघांचे व्हिसा पासपोर्टात चिकटलेले होते. अफाफनं, त्यांच्या बायकोनं, वाळवलेला झातरचा सुगंधी पाला आणि जैतुनाच्या तेलाचे डबे कधीच बांधून ठेवले होते. बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली, "राजीनामा दे. तुरुंगात आहेस का तू?"

हेच विचारायला ते कचेरीत गेले. तिथं सुहैला होती. पालिकेची सचिवही तीच आणि खजिनदारही तीच, कारण दुसऱ्या माणसाला पगार देणं परवडत नव्हतं. तिनं कायद्याचं पुस्तक काढलं आणि पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. बारांपैकी निम्मे सदस्य गेले की समिती आपोआप बरखास्त होते आणि गावाचा कारभार तालुक्याच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, काइमकामकडे जातो. ऐन मरजूहाचे दोन सदस्य कॅनडाला गेले होते, एक वारला होता आणि दोघांनी कंटाळून राजीनामे दिले होते.

"पाच झाले," सुहैला म्हणाली. "सहावा जो कोण जाईल, रईस, तो जाताना सगळ्यांना घेऊन जाईल."

मास्तरांनी तरीही राजीनामा लिहिला. आठ वर्षं एका माणसाला पुष्कळ झाली, असं त्यांनी स्वतःला समजावलं, कोट चढवला आणि तालुक्याच्या गावी काइमकामच्या कचेरीत गेले. अधिकारी थकलेला पण सभ्य होता. त्यानं कॉफी मागवली, पत्र वाचलं आणि कपाटाकडं बोट दाखवलं. कपाटात एकोणीस फायली होत्या. एकोणीस गावांच्या पालिका बरखास्त होऊन त्याच्याकडं आल्या होत्या. तो म्हणाला, या गावांच्या सह्या मी फक्त मंगळवारी करतो. पगाराची सही करता येते, डिझेलची करता येते, पण काही नवं विकत घ्यायचं, कुणाशी करार करायचा, तर कागद वर जातो आणि वरून कधी येतो ते मला विचारू नका. तुमचं पत्र मी आज घेतो, अडवणार नाही.

बाहेरच्या बाकावर शेजारच्या गावचा एक म्हातारा बसला होता. मास्तरांनी त्याच्या मुलाला शिकवलं होतं. त्यांच्या गावच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली होती, आणि नवी घेण्याच्या कागदावर सही मिळावी म्हणून तो चौथ्या मंगळवारी आला होता. गावात बायका टँकरच्या पाण्याला किती मोजतायत ते त्यानं सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. मास्तर पुन्हा आत गेले, पत्र परत मागितलं आणि ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. अधिकाऱ्यानं काही विचारलं नाही. त्याला बहुधा सवय होती.

परतीच्या वाटेवर त्यांनी फळ्यावर गणित मांडावं तशी आपली अडचण मांडली. आपण जाऊ शकत नाही, कारण आपली जागा घ्यायला कुणी तयार नाही. कुणी तयार नाही, कारण तिजोरी रिकामी आहे, आणि रिकाम्या तिजोरीच्या खुर्चीवर बसून शिव्या खायला कोण येईल? म्हणजे तिजोरीत दर वर्षी न चुकता चार पैसे यायला लागले, की खुर्चीसाठी माणूस मिळेल, आणि तो मिळाला की आपली सुटका. वर्षभरानं निवडणूक आहे. तेवढ्यात हे जमवायचं.

पैसे यायचे मार्ग दोनच. एक राजधानीतून येणारा वाटा. तो दोन-दोन वर्षं उशिरा येई, तोही दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यात, म्हणजे हातात पडेपर्यंत त्याचा पाचोळा झालेला असे. दुसरा घरपट्टीचा. घराला भाडं किती येऊ शकेल याचा अंदाज धरून पट्टी बसते, आणि ते अंदाज लिरा शाबूत होता तेव्हाचे होते. एका घराची वर्षाची पट्टी दीड लाख लिरा. पूर्वी त्याचे शंभर डॉलर होत, आता पावाच्या दोन पिशव्या आल्या तरी पुष्कळ. वसुलीला फिरणाऱ्या मोटारसायकलचं पेट्रोल वसुलीपेक्षा जास्त लागायचं, म्हणून दोन वर्षं वसुलीच बंद होती. समितीला अंदाज बदलायचा अधिकार होता. मास्तरांनी तो वापरला. सात सदस्य जमले, नवा अंदाज मंजूर झाला, आणि सरासरी घराला वर्षाला चाळीस डॉलरएवढे लिरे बसले.

नोटिसा वाटायला माणूस नव्हता. मास्तर स्वतःच निघाले. जून होता, ऊन चढायच्या आत आठ-दहा घरं होत. प्रत्येक घरी कॉफी प्यावी लागे. त्या महिन्यात त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरनं कॉफी बंद केली, मग ते नुसताच पेला हातात धरून बसू लागले.

लोक भांडले नाहीत, आणि तीच मोठी पंचाईत होती. विधवा मलाके म्हणाली, देईन की, पण आधी त्या समोरच्या दुमजली घराकडून घ्या. दुमजली घरवाला सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, मी आफ्रिकेतून पैसे पाठवतो म्हणून सगळे माझ्याकडंच बघतात, आधी गावातल्यांचं होऊ द्या. कुणी म्हणे, रस्त्यावरचे दिवे लावा, मग देतो. दिवे लावायलाच पैसे हवेत, असं मास्तर समजावत. लोक मान डोलवत आणि पुन्हा म्हणत, बरोबर आहे, पण आधी दिवे.

सुतार जिर्यिस त्यांचा जुना विद्यार्थी. त्याच्या कारखान्यात जनरेटरवरून घरोघर वीज विकणाऱ्याचं बिल भिंतीला खिळ्यानं लटकवलेलं होतं. महिन्याचे साठ डॉलर.

"हे तू दर महिन्याला भरतोस," मास्तर म्हणाले, "आणि मी वर्षाचे चाळीस मागतोय."

"तो तार कापतो, मास्तर. तुम्ही काय कापणार?"

"मी काही कापावं असं वाटतं का तुला?"

जिर्यिसनं रंधा खाली ठेवला. "नाही. पण तुम्ही कापणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी भरलं आणि शेजाऱ्यानं नाही भरलं, तरी अबू नखले दोघांचा कचरा उचलतो. मग मीच एकटा शहाणा कशाला होऊ?"

मास्तरांनी नोटीस रंध्याशेजारी ठेवली. निघताना जिर्यिसनं चाळीस डॉलर काढून दिले, पण पट्टी म्हणून नव्हे, मास्तरांसाठी म्हणून. ते घेताना मास्तरांना आपण दारोदार हात पसरतोय असं वाटलं. तरीही त्यांनी घेतले आणि पावती फाडली. जुलैअखेर दोनशे चाळीसपैकी एकतीस घरांनी पट्टी भरली. फारसं काही नव्हतं, पण सुहैला म्हणाली, पुढच्या वर्षी साठ होतील, एकानं भरलं की शेजारी बघतो. मास्तरांच्या जीवात जीव आला. ते अफाफला म्हणाले, तू पुढं हो, मी निवडणूक आटोपली की येतोच.

ऑगस्टमध्ये कचऱ्याच्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला. दुरुस्तीचे चार हजार डॉलर, आणि तिजोरीत बाराशे. उन्हाळ्यात परदेशातली माणसं गावात आलेली, घरं भरलेली, लग्नसराई. कोपऱ्याकोपऱ्यावर पिशव्यांचे ढीग झाले, मांजरं आणि माश्या. पाच दिवसांत पट्टी भरणाऱ्यांपैकी चौघे पावत्या घेऊन कचेरीत आले आणि पैसे परत मागू लागले.

त्याच आठवड्यात गस्सान ज़रीफे कचेरीत आला. तो याच गावचा, पण लागोसला सिमेंट विकून मोठा झालेला. खुर्चीत बसताना खुर्ची पुसून बसणारा माणूस. वरच्या पाइनच्या रानात त्याला लग्नाचं सभागृह बांधायचं होतं. रान विकत नको होतं, नऊ वर्षांच्या भाड्यानं हवं होतं, आणि नऊ वर्षांचं भाडं तो एकरकमी, आजच द्यायला तयार होता. सत्तावीस हजार डॉलर. झाडं तीसेक तोडावी लागतील, म्हणाला, बाकीची ठेवू, फोटोंना बरी दिसतात.

समितीची बैठक झाली. सातांमध्ये सर्वांत वयस्कर इस्तिफान मालूफ, वय चौऱ्याऐंशी, एके काळी त्रिपोलीच्या बंदरावर हिशेबनीस. त्यांना जिना चढवत नव्हता. दोघांनी खुर्चीसकट वर आणलं. सगळे गस्सानच्या बाजूनं बोलले, कचऱ्याचा वास खिडकीतून आत येतच होता. शेवटी इस्तिफान बोलले, हळू आणि नीट.

"मुनीफ, हे पैसे एकदाच येणार. कचरा रोज येतो."

"माहीत आहे, काका."

"नऊ वर्षांचं भाडं तू एका वर्षात खाशील. पुढच्या आठ वर्षांत जो कोणी या खुर्चीवर बसेल, त्यानं काय भाड्यानं द्यायचं? कब्रस्तान?"

मास्तरांना हे सगळं कळत होतं. वर्गात कुणी इतकं स्पष्ट मांडलं असतं, तर त्यांनी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण जो कोणी या खुर्चीवर बसेल, हे शब्द ऐकताना त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की तो मी नसेन. त्यांनी हात वर केला. सहा विरुद्ध एक. वरिष्ठांची मंजुरी आणायचं काम गस्साननं स्वतःकडं घेतलं, आणि ती एरवी कुणाला मिळते त्याच्या कितीतरी लवकर आली. ट्रक दुरुस्त झाला. नोकरांचे तीन महिन्यांचे थकलेले पगार दिले गेले. अबू नखलेनं कचेरीत येऊन मास्तरांच्या खांद्याचं चुंबन घेतलं, आणि मास्तरांना कुठं बघावं ते कळेना.

ऑगस्टच्या अखेरीला अफाफ गेली. विमानतळावर ती रडली नाही. तेलाचे डबे वजनात बसेनात म्हणून दोन परत दिले आणि म्हणाली, "मी तुला विचारणार नाही कधी येतोस ते. तूच सांग, जेव्हा सांगता येईल तेव्हा."

पुढचा घाव मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हता. गस्सानचे पैसे आल्याचं गावभर झालं आणि पट्टी भरायला येणारे थांबले. सुतार जिर्यिससुद्धा रस्त्यात भेटल्यावर हसून म्हणाला, आता तर पालिका बड्या लोकांत गेली, मास्तर, आता आमच्याकडून काय घेता. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एका श्रीमंतानं खर्च उचलला असताना आपण का भरावं, हे लोकांना सरळ वाटत होतं. ऑगस्टनंतर नोव्हेंबरपर्यंत चार घरांची पट्टी आली. ज्या पैशानं आपण सुटू असं मास्तरांना वाटलं होतं, त्यानंच दोनशे दारं एकेक करून बंद केली होती.

मध्ये देशाच्या दक्षिणेला युद्ध पेटलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेतून गाड्या येऊ लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या. गावच्या शाळेत एकशे दहा माणसं उतरली. त्यांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, गावानं पातेली काढली, गाद्या काढल्या. पण पाणी, डिझेल, औषधं आणि दुप्पट झालेला कचरा पालिकेच्या माथी आला. सरकारी मदत येणार असल्याचं पत्र आलं, मदत आली नाही. जुमानाला मुलगा झाला तेव्हा मास्तर शाळेच्या आवारात पाण्याच्या टाकीचा नळ बदलत होते. फोनवर त्यांनी बाळ पाहिलं. लाल, चिडलेला चेहरा. नळाची चावी दुसऱ्या हातात होती. शेजारी उभ्या असलेल्या दक्षिणेतल्या एका अनोळखी बाईनं फोनमध्ये डोकावून बाळाची दृष्ट काढल्यासारखा हात फिरवला, आणि त्या बाईपुढं त्यांना पहिल्यांदा रडू आलं.

नोव्हेंबरअखेर लढाई थांबली, माणसं गेली. जानेवारीत सुहैलानं आकडा सांगितला. सत्तावीस हजारांतले तीन हजार उरले होते. रानात सभागृहाचे खांब उभे राहिले होते.

फेब्रुवारीत इस्तिफान आजारी पडले. फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, वय बघता सांगता येत नाही. गावात कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. पाच गेले होते, म्हातारा गेला की सहा. समिती बरखास्त. पाद्री रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करताना नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागले. लोक सूप पाठवत. जिर्यिसनं ऑक्सिजनच्या नळकांड्याला लाकडी घोडा करून दिला.

मास्तर रोज दुपारी त्यांच्याकडं जात. म्हाताऱ्यांना मूलबाळ नव्हतं, पुतणी जेवणखाण बघायची. औषधं मास्तर स्वतःच्या पैशानं आणत. आणि रोज, त्या खोलीत शिरताना, मळकट पडद्यातून आलेल्या उजेडात पांघरूण वरखाली होतंय का हे बघताना, त्यांच्या मनात एक गोष्ट येई. हे गेले, तर मी सुटलो. राजीनामा नाही, गावाला सोडून गेल्याचा डाग नाही, कुणापुढं मान खाली घालायला नको. विमानाचं तिकीट. मग पांघरूण हलताना दिसे आणि त्यांना सुटल्यासारखंही वाटे आणि आत काहीतरी खचल्यासारखंही. यांतलं आधी काय येतं, ते त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही.

एका दुपारी इस्तिफान जागे होते. त्यांनी ऑक्सिजनचा मुखवटा खाली केला.

"तू रोज येतोस. मला बघायला येतोस की मोजायला?"

मास्तर खुर्चीत बसले. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, पण म्हाताऱ्यांनी उभं आयुष्य आकड्यांतलं खोटं पकडण्यात घालवलं होतं.

"दोन्ही," ते म्हणाले.

इस्तिफान हसले, मग बराच वेळ खोकले. पुतणी आत डोकावली, त्यांनी तिला हातानं परत पाठवलं.

"सुहैलाला कागद घेऊन बोलव. मी राजीनाम्यावर सही करतो. तू सुटशील, आणि मला निवांत मरता येईल. हे असं, सगळ्या गावाचा कचरा छातीवर घेऊन श्वास ओढत राहायचा, मला कंटाळा आलाय."

खाली रस्त्यावरून अबू नखलेचा ट्रक गेला, त्याच्या नव्या गिअरबॉक्सचा आवाज वेगळा ओळखू येई. हो म्हणायला एकच शब्द लागत होता. त्यांना पंपाच्या मोटरीसाठी चार मंगळवार बसलेला तो म्हातारा आठवला, आणि मग आठवलं की पाइनच्या रानाच्या बैठकीत त्यांनी हात वर केला होता तेव्हा त्यांना कुणीच आठवलं नव्हतं.

"मेपर्यंत ओढा, काका," शेवटी ते म्हणाले. "मी पण ओढतो."

"हे तू माझ्यासाठी म्हणत नाहीस."

"नाही."

"बरं," म्हातारे म्हणाले आणि मुखवटा वर घेतला.

त्यांनी खरंच ओढलं. मार्चमध्ये ते उशी लावून बसू लागले. आणि एप्रिलमध्ये कळलं की या वेळी निवडणूक होणार, तारीखही ठरली. मास्तरांनी अफाफला फोन केला आणि स्वतःहून सांगितलं, जूनच्या दहा तारखेच्या आत मी तिथं असेन. ती म्हणाली, बाळाला बसता येतं आता, तू येईपर्यंत रांगायला लागेल.

बारा जागा होत्या. अर्ज भरायच्या मुदतीला चार दिवस उरले तेव्हा सहा नावं होती. मास्तर पुन्हा दारोदार फिरले, या वेळी पट्टीसाठी नव्हे, माणसांसाठी. जिर्यिस म्हणाला, मला धंदा आहे. शाळेची मुख्याध्यापिका म्हणाली, तुमचे हाल बघितलेत मी. शेवटच्या दोन दिवसांत मात्र पाच अर्ज एकदम आले. पाचही गस्सानच्या मेहुण्याच्या गटाचे, मेहुणा स्वतः त्यांच्यात. सुहैलानं यादी आणून टेबलावर ठेवली.

"अकरा झाले," ती म्हणाली. "रईस, मेहुण्याच्या लोकांनी काल माझ्याकडं विचारणा केली. रानाचा उरलेला भाग, झऱ्यापर्यंतचा, भाड्यानं देता येतो का म्हणून. खोल्या बांधायच्यात, पाहुण्यांसाठी."

"बाकीचे सहा?"

"सहांपैकी कोणी अध्यक्ष व्हायला तयार नाही. मीच विचारलं. ते म्हणतात, मुनीफ मास्तर असतील तर आम्ही मागं उभे राहू. नाहीतर मेहुणा होईल. होऊ दे, म्हणतात. त्याच्याकडं निदान पैसे आहेत."

मास्तरांनी यादी दोनदा वाचली. मेहुण्यात त्यांना राग येण्यासारखं काही सापडलं नाही. गाव रिकाम्या तिजोरीनं चालतं, आणि रिकाम्या तिजोरीला पैसे देणारा माणूस हवाच असतो. ते दार आपणच उघडून दिलं होतं. उरलेलं रान गेलं की झरा जाईल, मग काय, ते इस्तिफाननी बैठकीतच विचारलं होतं.

मुदत दुपारी संपत होती. अकरा वाजता त्यांनी अर्ज भरला. सुहैलानं त्यांच्या हातातून कागद घेताना त्यांच्याकडं पाहिलं नाही. बारा जागांना बारा नावं, म्हणून मतदान झालंच नाही. मे महिन्यात बारा जण कचेरीत जमले आणि सात विरुद्ध पाच मतांनी मुनीफ बशूर पुन्हा अध्यक्ष झाले. सहा वर्षांसाठी. मेहुण्यानं उठून हात मिळवला आणि मनापासून म्हणाला, "आपल्याला बरोबरच काम करायचंय, रईस."

अफाफला सांगायला त्यांनी दोन दिवस लावले. तिला आधीच कळलं होतं, गावातल्या कुणीतरी व्हॉट्सअॅपवर अभिनंदन पाठवलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, जुमाना पुन्हा कामावर जातेय, बाळाला मीच बघते, मी इथं राहायचा कागद करून घेते. मास्तर म्हणाले, बरं. मग त्यांनी विचारलं की तिकडं आता थंडी सुरू झाली का. झाली, ती म्हणाली.

इस्तिफान मालूफ जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले, दुपारच्या झोपेत. ते आता कुठल्या समितीवर नव्हते, त्यांच्या जाण्यानं काहीही बरखास्त होणार नव्हतं. चर्चमध्ये सारं गाव आलं आणि लोक मोकळेपणानं रडले. मास्तरांनी खांदा दिला. पेटी त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच हलकी होती.

तीन दिवसांचा शोक संपला, आणि चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांनी घरपट्टीच्या नोटिसा पिशवीत भरल्या. त्यांनी सुहैलाला सांगितलं होतं, या वर्षी रानाच्या भाड्याचा दिलासा कुणाला द्यायचा नाही, तिजोरीत किती आहे विचारलं तर खरा आकडा सांगायचा. आकडा नऊशे डॉलरचा होता. पहिलं घर विधवा मलाकेचं. तिनं दार उघडलं, पिशवी पाहिली, आणि नेहमीसारखी कॉफीचं लांब दांड्याचं भांडं चुलीवर ठेवायला वळली. मास्तर म्हणाले, कॉफी नको. मग आत जाऊन बसले, कारण उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

"समोरच्या दुमजलीनं भरलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग तुझ्यापासून सुरुवात," मास्तर म्हणाले, आणि पावतीपुस्तक काढून गुडघ्यावर ठेवलं. मलाके त्यांच्याकडं बघत राहिली. ती काय करील ते त्यांना माहीत नव्हतं. अजून दोनशे एकोणचाळीस घरं होती, आणि ऊन चढायला लागलं होतं.